ते पाकीट आधी उघडा

ताई,

तीन महिन्यांचं घरभाडं थकलं आहे. सव्वा वर्षापूर्वी मी नवऱ्यापासून वेगळी झाले आणि तेव्हाच ही भाड्याची जागा घेतली. दोन्ही मुलं माझ्याजवळ आहेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार. मी एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते. पाच महिन्यांपूर्वी आमचे तास कमी केले आणि पगार जवळजवळ निम्म्यावर आला. पहिले दोन महिने भाडं कसंबसं भरलं. तिसऱ्या महिन्यात भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला, आणि भाड्याचे बाजूला काढलेले पैसे मी तिथे भरले. घरमालक तेव्हा चांगलं बोलले, ‘पुढच्या महिन्यात द्या’ म्हणाले. भाऊ दहाव्या दिवशी केंद्रातून निघून आला. एका रात्री दारू पिऊन माझ्या दारात आला, आणि त्याने एवढा तमाशा केला की शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. तेव्हापासून घरमालकांचा सूरच बदलला. आधी मुलांच्या आवाजाची कुरकुर, मग एक दिवस जिन्यातच ‘महिनाअखेर जागा खाली करा’. मी त्यांचे फोन घेत नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्याकडून एक पाकीट आलं, ते उघडायचा धीर झाला नाही. शिवणाच्या डब्याखाली ठेवून दिलंय.

वहिनी म्हणाली, ‘एवढ्या पगारात भागवणारी माणसंही असतातच की.’ रात्री तेच कानात वाजत राहतं. माझ्यातच काही कमी आहे का? आणि आता मी काय करू?

– एक वाचक

तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर आधी देते. पहिला महिनाभर थांबला तरी बिघडत नाही. वाचणं जरा बाजूला ठेवा, शिवणाचा डबा उचला आणि ते पाकीट फोडा.

फोडलंत? आता खाली सही कुणाची आहे ते बघा. घरमालकांचं साधं पत्र असेल तर अजून समोरासमोर बोलून काही जमू शकतं. वकिलाची नोटीस असेल तर तिच्यात मुदत दिलेली असते आणि त्या मुदतीत लेखी उत्तर जावं लागतं. कोर्टाचा शिक्का असेल तर हजर राहायची तारीख शोधा. त्या दिवशी तुम्ही गेला नाहीत तर तुमचं काहीही न ऐकता निकाल लागू शकतो. पाकीट कोणत्या दिवशी हातात पडलं ती तारीख त्याच्यावरच पेनाने लिहून ठेवा. पाकीट फेकू नका.

तारखेवरून मी एवढी मागे का लागले आहे ते सांगते. घराचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, पण बऱ्याच ठिकाणी भाडेकरूला सावरायला एक शेवटची फट ठेवलेली असते आणि ती दिवसांत मोजलेली असते. स्वीडनमध्ये थकबाकीची नोटीस रीतसर हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत पैसे भरले तर जागा वाचते. जर्मनीत दावा भाडेकरूपर्यंत पोचल्यापासून दोन महिन्यांत सगळी थकबाकी चुकती झाली, तर थकबाकीवरून दिलेली तातडीची नोटीस रद्द होते. मात्र दोन वर्षांच्या आत तीच सवलत पुन्हा मिळत नाही. तुमच्याकडे काय नियम आहे ते तुमच्याजवळच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात कळेल. पण तिथे गेल्यावर ते पहिलाच प्रश्न विचारतील, ‘कागद कधी मिळाला?’ पंधरा दिवस तर डब्याखाली गेलेच.

रागावत नाही हं मी. मीसुद्धा एकदा घरमालकाचा फोन वाजला की तो उशीखाली सारायची. आवाज दबायचा, पण गादी थरथरायची. शेवटी त्याने जिन्यात गाठून ‘आठ दिवसांत निघा’ म्हटलं आणि मी खरोखर आठव्या दिवशी सामान उचललं. नुसत्या तोंडच्या शब्दावर. कागदाचा एक चिटोरा नव्हता त्याच्याजवळ. आज कुणी मला तसं म्हटलं तर मी म्हणेन, बरं, लिहून द्या.

असं तोंडच्या शब्दावर निघणारी मी एकटी नव्हते, हे पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात 2009 ते 2011 या काळात सुमारे 1,100 भाडेकरू कुटुंबांची पाहणी झाली. समाजशास्त्रज्ञ मॅथ्यू डेझमंड यांनी ती केली. घरं का सुटतात हे इतक्या बारकाईने क्वचितच कुणी पाहिलं असेल. त्या पाहणीत दर आठ भाडेकरूंमागे एकाला आधीच्या दोन वर्षांत मनाविरुद्ध जागा सोडावी लागली होती. अशा सुटलेल्या जागांपैकी जवळजवळ निम्म्या कोर्टाचं तोंडही न पाहता सुटल्या. कुणाला धाक घातला, कुणाच्या हातावर थोडे पैसे ठेवून निघायला सांगितलं, कुणाचं पाणी तोडलं. कोर्टातून रीतसर निघालेले साधारण चौथा हिस्सा. आणि जवळपास तेवढ्यांचंच घर गेलं ते घरमालकाचे स्वतःचे कर्जाचे हप्ते थकले म्हणून. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, घरमालकांशी बोलताना उपयोगी पडेल. त्यांच्याही डोक्यावर एखादा हप्ता असू शकतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. माझ्यात काही कमी आहे का?

याच पाहणीवरून घर कुणाचं सुटतं याचा हिशेब पुढे मांडला गेला. त्यात ठळकपणे पुढे आलेल्या गोष्टी अशा: नोकरी जाणं, घरात मुलं जास्त असणं, आजूबाजूच्या वस्तीत गुन्हे आणि घर खाली करण्याचे प्रकार जास्त असणं, आणि जवळची माणसंच अडचणीत असणं. शेवटच्या गोष्टीचा अर्थ, ज्यांच्याकडे आपण अडीअडचणीला धावायचं त्यांच्यातच कुणी व्यसनात, कुणी तुरुंगात, कुणी मार खाणारं. तुमचं पत्र पुन्हा काढून वाचा. नोकरी गेली नाही पण अर्धी झाली, मुलं दोन, भाऊ व्यसनात. जणू ही यादी समोर ठेवूनच तुम्ही पत्र लिहिलंय.

त्यातली मुलांची गोष्ट मला सगळ्यात जास्त झोंबते. मिलवॉकीच्या कोर्टात घर खाली करण्याचे खटले पाहिले तेव्हा दिसलं की थकबाकी तेवढीच असली तरी मुलं असलेल्या भाडेकरूविरुद्ध निकाल जाण्याचा धोका जवळजवळ तिप्पट होता. घरात मूल असण्याचा फटका हा चार महिन्यांचं भाडं थकवण्याएवढा. म्हणजे तुमची थकबाकी कागदावर तीन महिन्यांची आणि मुलांपायी न दिसणारी आणखी चार महिन्यांची. मुलं असली की दया येते असं आपण धरून चालतो, पण मालकाला दिसते ती रंगवलेली भिंत, खालच्या मजल्याची तक्रार आणि तुंबलेली मोरी. चार वर्षांचं पोर घरात धावणार नाही तर कुठे धावणार?

आणि ती रात्र. घरमालकांचा सूर कधी बदलला ते तुम्हीच लिहिलंय. पहिलं भाडं चुकलं तेव्हा ते ‘पुढच्या महिन्यात द्या’ म्हणाले होते. बिनसलं ते दारात पोलीस आल्यावर. हे फार ठिकाणी घडतं. मिलवॉकीत तर एका घरातून पोलिसांना वारंवार फोन गेले की पोलीस घरमालकालाच उपद्रवाची नोटीस धाडत. त्या नोटिसांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीमुळे आलेल्या फोनांचा होता, आणि बहुतेक घरमालकांनी त्यावर शोधलेला उपाय म्हणजे त्या बाईलाच जागा सोडायला लावणं. मार खाणारी तीच आणि घर गेलं तेही तिचंच. तुमच्या बाबतीत तर फोनही तुम्ही केला नव्हता.

तेव्हा वहिनीचं म्हणणं असं घ्या. एवढ्या पगारात भागवणारी माणसं असतात हे खरं आहे. वेगळ्या झालेल्या, दोन मुलांच्या, पगार निम्मा झालेल्या आणि व्यसनी भाऊ असलेल्या बायकांपैकी भागवणाऱ्या किती, ते वहिनीने मोजलं नसावं. साधं गणित करून बघा. पगार पूर्ण होता तेव्हा भाडं समजा पगाराचा तिसरा हिस्सा होतं. पगार निम्मा झाल्यावर तेच भाडं दोन तृतीयांश झालं. अमेरिकेत 30 टक्क्यांवर घरखर्च गेला की कुटुंबाला घराचा बोजा झाला असं धरतात. युरोपीय संघाच्या आकडेवारीत हीच रेघ 40 टक्क्यांवर आहे. तुम्ही एका रात्रीत त्या रेघेच्या कितीतरी पलीकडे फेकल्या गेलात आणि तरीही दोन महिने भाडं दिलंत. ते कसं दिलंत हे वहिनीने विचारलं का?

एवढं सांगूनही, तुमचं काहीच चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. तुम्हालाही ते पटणार नाही. भावाला पैसे दिले यात मला चूक दिसत नाही. त्या दिवशी तो केंद्रात जायला तयार होता, आणि असा दिवस रोज येत नाही. चूक त्यानंतरची. पैसे दिल्यावर तुम्ही घरमालकांना एका महिन्यापुरतं सांगितलंत आणि मग गप्प झालात. पुढे फोन घेणं बंद, पाकीट डब्याखाली.

या गप्प बसण्याचीही पाहणी झाली आहे, आणि तिच्यातला एक भाग वाचून मी थोडी हसले, थोडी खजील झाले. थकबाकी झाल्यावर पुरुष भाडेकरू बरेचदा सरळ घरमालकासमोर उभे राहत आणि म्हणत, तुमचं काही काम असेल तर सांगा, रंग देतो, गच्ची झाडतो, भाड्यात वळतं करा. बायका टाळत. दार वाजलं तर दिवा मालवून बसत. मालकांना त्याचा अर्थ एकच लागे, ही पैसे बुडवून पळणार. खरं तर त्या बायकांनी काम देऊ केलं असतं तरी ते त्यांना मिळालं असतं का, हा प्रश्नच आहे, आणि मुलांना सोडून गच्ची झाडायला जाणार कधी? पण न बोलण्याची किंमत त्यांनाच पडली, एवढं खरं.

नेदरलँड्समध्ये सरकारने हे गृहीतच धरलंय की अडचणीतला माणूस पाकिटं उघडत नाही. 2021 पासून तिथे भाडं, वीज, पाणी, आरोग्यविमा यांची थकबाकी दिसली की त्याची खबर नगरपालिकेला जाते आणि पालिकेची माणसं स्वतःहून त्या घराशी संपर्क करून मदत देऊ करतात. एका अख्ख्या देशाने कायदा केला म्हणजे पाकीट न उघडणं हा काही तुमचा खास दुर्गुण नाही. पण तुमच्या दारात पालिकेचा माणूस येणार नसेल तर तुम्हालाच उठावं लागेल.

घरमालकांना फोन करण्याआधी एक हिशेब मांडा. सगळ्यात अवघड काम हेच आहे. आजच्या पगारात पुढचं भाडं पूर्ण देऊन हातात काय उरतं? उरत असेल तर किती, आणि त्यातून थकबाकीचा किती तुकडा दर महिन्याला निघेल? उत्तर ‘काहीच उरत नाही’ असं आलं तर हप्त्यांची भाषा करू नका. असे समझोते मी पुष्कळ पाहिलेत. कोर्टाच्या बाकावर घाबरून माणूस वाटेल त्या हप्त्याला हो म्हणतो, तिसऱ्या महिन्यात तो मोडतो आणि मग बोलायची सोयच उरत नाही. तुमचे तास पुन्हा वाढणार आहेत का, हे दवाखान्यात सरळ विचारा. वाढणार नसतील तर ही जागा तुम्हाला परवडणारी राहिलेली नाही, आणि मग बोलायचं ते जागा टिकवण्याबद्दल नाही, निघण्याच्या तारखेबद्दल.

आणखी एक. अख्ख्या पत्रात मुलांच्या वडिलांचा उल्लेख एका ओळीत आटोपलाय. ते मुलांसाठी काही देतात का? देत नसतील तर तुम्ही मागितलंय का? वेगळं झाल्यावर पुष्कळ बायका म्हणतात, मला त्याचं काही नको. तुम्हाला नको असेल. पण मुलांच्या डोक्यावरचं छप्पर हा मुलांचा खर्च आहे, आणि तो दोघांचा आहे. कायदा सल्ला केंद्रात जाल तेव्हा पाकिटाबरोबर हाही प्रश्न न्या.

पाकिटात वकिलाचा किंवा कोर्टाचा कागद निघाला असेल तर घरमालकांना लेखी काही पाठवण्याआधी तो सल्लागाराला दाखवा. लिहून दिलेला शब्द पुढे कोर्टात येतो. अशा खटल्यांत घरमालकाकडे बहुतेक वेळा वकील असतो आणि भाडेकरूकडे नसतो. न्यूयॉर्क शहराने 2017 मध्ये कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना अशा खटल्यात सरकारी खर्चाने वकील द्यायचा कायदा केला तो यामुळेच. साधं पत्र असेल तर आजच निरोप लिहा. फोनवर आवाज कापत असेल तर लेखीच बरा. मी असा लिहीन:

‘नमस्कार. इतके दिवस तुमचे फोन घेतले नाहीत, माफ करा. तीन महिन्यांचं भाडं बाकी आहे, मला मान्य आहे. पाच महिन्यांपूर्वी माझे कामाचे तास कमी झाले, त्याचं पत्र दाखवते. त्या रात्री आलेला माझा भाऊ यापुढे या घरात येणार नाही, मी त्याला तसं सांगितलं आहे. या महिन्यापासून भाडं पूर्ण देईन आणि मागच्या बाकीपैकी दर महिन्याला अमुक रक्कम. हे तुम्हाला चालणार नसेल तर दोन महिन्यांची मुदत द्या, मी जागा स्वच्छ करून किल्ली हातात देईन. कृपया लिहून कळवा.’

भावाचं वाक्य मी बाकीच्या हिशेबाआधी घातलंय ते मुद्दाम. माझा अंदाज असा की तुमच्या घरमालकांना थकलेल्या भाड्यापेक्षा ती रात्र जास्त छळतेय. त्यांना रोज शेजाऱ्यांच्या तोंडाला तोंड द्यावं लागत असणार. ती भीती गेली तर पैशाचं बोलणं सोपं होईल. मुलांच्या आवाजाची तक्रार त्या रात्रीनंतरच सुरू झाली, तेव्हा ती बहुधा आपोआप विरेल. नाहीच विरली तर रात्री खुर्च्या ओढणं थांबवा, पायाखाली जाड काहीतरी अंथरा, आणि तसं केल्याचं शेजाऱ्यांना सांगा. पोरांना मात्र सारखं ‘शू, शू’ करत बसू नका.

पण मग ते वाक्य खरंही व्हायला हवं. भावाला दारात उभं करायचं नाही, हे तुम्हाला जमेल का? मी तुम्हाला त्याला तोडायला सांगत नाही. त्याला बाहेर भेटा. पुन्हा केंद्रात जायला तयार झाला तर सोबत जा. पण घरी नाही आणि भाड्याच्या पैशातून नाही. त्याला हे सांगायचं ते तो शुद्धीत असताना, दिवसाउजेडी, आणि एका वाक्यात: ‘तू इथे आलास तर माझं आणि मुलांचं घर जाईल.’ तो चिडेल, रडेल, तुम्ही बदललात म्हणेल. म्हणू दे. आणि वहिनी ही त्याचीच बायको असेल तर तिच्या त्या टोमण्याकडे मी आणखी वेगळ्या नजरेने बघीन. तिचंही घर त्याच माणसापायी खचत असणार, आणि तिला बोलायला तुम्हीच सापडलात.

घरमालकांना पैसे द्याल ते बँकेतून द्या, किंवा पावती घ्या. अर्धे दिलेत तर ‘अमुक महिन्याच्या भाड्यापोटी, अर्धी रक्कम’ असं लिहून घ्या. सुरुवातीला दिलेलं डिपॉझिट किती होतं, करारात त्याबद्दल काय लिहिलंय, ते बघा. बायका करार वाचत नाहीत असं नाही, वेगळं होण्याच्या धावपळीत जे मिळेल त्यावर सही करतात. तुम्हीही तसंच केलं असणार.

समजा त्यांनी ऐकलंच नाही. तुम्ही बाहेर असताना कुलूप बदललं, वीज तोडली, सामान जिन्यात आणून ठेवलं. बहुतेक देशांत घरमालकाला असं परस्पर करता येत नाही, थकबाकी असली तरीही. त्याला कोर्टाच्या हुकमाची वाट बघावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीने 1997 मध्ये सरकारांना सांगून ठेवलंय की घर खाली करवायचं तर आधी पुरेशी सूचना हवी, दाद मागायची सोय हवी, आणि रात्री किंवा खराब हवामानात कुणाला बाहेर काढू नये. फ्रान्समध्ये तर 1 नोव्हेंबर ते 31 मार्च भाडेकरूंना बाहेर काढणं सहसा थांबतंच. तेव्हा तसं काही झालं तर भांडत बसू नका, फोटो काढा आणि थेट कायदा सल्ला केंद्र गाठा. शेजाऱ्यांपैकी ज्याने त्या रात्री पोलिसांना फोन केला, त्याच्याशीसुद्धा एकदा बोलून ठेवा. तो साक्षीदार होऊ शकतो. विचित्र वाटेल, पण त्या रात्री तुमच्या दाराची काळजी करणारा तोच एक होता.

दवाखान्यातही सांगा. सगळं नाही, वरिष्ठांना एवढंच की घराची अडचण चालू आहे, एक-दोन दिवस कोर्टात किंवा जागा शोधायला जावं लागेल. घर आणि नोकरी एकमेकांना खेचतात. मिलवॉकीतल्या ज्या कामगारांना नुकतंच मनाविरुद्ध घर सोडावं लागलं होतं, त्यांची नोकरी जाण्याची शक्यता इतरांपेक्षा 11 ते 22 टक्केबिंदूंनी जास्त निघाली. का ते तुम्ही स्वतःच ओळखाल. रिसेप्शनवर बसून डोक्यात पाकीट असलं की हातून चुका होतात, उशीर होतो, आणि समोरच्याला कारण माहीत नसतं.

झोपेचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, मी ते ओझरतं घेत नाही. घर सुटलेल्या आयांमध्ये दोन वर्षांनंतरही खचलेपण इतरांपेक्षा जास्त आढळलंय. तुमचं घर अजून सुटलेलं नाही. रात्र रात्र तेच वाक्य वाजत असेल तर तुम्ही दवाखान्यातच बसता, आतल्या डॉक्टरांना एकदा पेशंट म्हणून भेटा. आणि जगणंच नकोसं वाटलं तर त्याच क्षणी कुणाला तरी उठवा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.

मुलीला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला बहुतेक माहीत आहे. शिवणाचा डबा घरात कुठे असतो हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, आणि आई फोन वाजला की का दचकते हेही. तिला एवढं सांगा की घराचे पैसे थोडे मागे पडलेत, आई त्याबद्दल बोलणार आहे, आणि जागा बदलावी लागली तर तिला आधी कळेल. शाळेत तिच्या बाईंनाही कानावर घाला, म्हणजे मधेच शाळा बदलायची वेळ आली तर कागदपत्रं अडणार नाहीत.

पुढच्या पत्रात दुसरं काही लिहायला जमलं नाही तरी चालेल. त्या कागदाखाली सही कुणाची निघाली आणि पाकिटावर कोणती तारीख लिहिलीत, तेवढं कळवा.

– तुमची ताई